परसबागेचा पूर्वेतिहास आणि कुंपणावरचा आंबा

कामरेज येथे तापीकाठच्या काळ्या मातीत घर बांधले, तेव्हा वास्तुशांतीच्या उत्साहात मी कुंपणापासून अवघ्या तीन हातांवर आंब्याचे कलम लावले. बारा वर्षांनी त्याच्या फांद्या शेजारच्या अंगणात पोचल्या. पानांनी शेजाऱ्यांची पन्हळ तुंबू लागली. एके दिवशी ते सौजन्याने म्हणाले, "वकीलसाहेब, कायदा तुम्हांलाच ठाऊक. आता काय करावयाचे ते तुम्हीच सांगा."

कायदा मला ठाऊक होता आणि तो माझ्या विरुद्ध होता. लेमन विरुद्ध वेब या १८९५ च्या न्यायवृत्तांत प्रसिद्ध झालेल्या खटल्यात इंग्लंडच्या लॉर्ड्स सभेने ठरविले की, आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या शेजाऱ्याने आपल्या जागेत राहून, पूर्वसूचना न देताही, छाटाव्यात. झाड कितीही वर्षांचे असले तरी फांद्या तशाच ठेवण्याचा हक्क त्यामुळे मिळत नाही. छाटलेल्या फांदीवरचे फळ मात्र झाडवाल्याचेच राहते. एवढ्याने खटला मिटतो, पण चूक कोठे झाली ते समजत नाही. त्यासाठी मी कायद्याची पुस्तके मिटून जुने ग्रंथ उघडले.

वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. दोन वृक्षांमध्ये वीस हातांचे अंतर उत्तम, सोळांचे मध्यम आणि बारांचे कनिष्ठ, असे तो सांगतो. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला, तर उत्तम अंतर तीस फूट आणि कनिष्ठ अठरा फूट होते. फार जवळ लावलेल्या झाडांच्या मुळ्या एकमेकींत गुंततात व ती नीट फळत नाहीत, हे कारणही तो देतो. बागेत किंवा घराशी प्रथम निंब, अशोक, पुन्नाग, शिरीष व प्रियंगू लावावेत, असेही त्याचे सांगणे आहे. माझे तीन हात यांपैकी कोणत्याच कोटीत बसत नव्हते.

त्याहून जुन्या वात्स्यायनाच्या कामसूत्रात तर परसबागेचा जवळजवळ आराखडाच सापडतो. ग्रंथाचे नाव ऐकून वाचकांनी दचकू नये. त्यातील गृहिणीधर्माच्या प्रकरणात भाजीचे वाफे, ऊस, जिरे, मोहरी, मल्लिका, जाती, तगर आणि जास्वंद यांची योजना आहे, बसावयास ओटा आहे आणि मध्ये विहीर किंवा तळे खणावे असे सांगितले आहे. स्वयंपाकघर, देवघर, विश्रांती आणि पाणी या चार गरजा आधी आल्या, झाडे त्यांच्यामागून आली. या बागेची व्यवस्था त्याने गृहिणीकडे सोपविली आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. जिला रोज कोथिंबीर खुडावयाची आहे, तिला विचारल्यावाचून वाफ्याची जागा ठरविणे म्हणजे अशिलाचे म्हणणे न ऐकता दावा लिहिण्यासारखे आहे.

ज्या भूमीत मी ही चूक केली, ती काही सामान्य नव्हे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील गुजरातच्या चालुक्यांच्या ताम्रपटांत येणारा कार्मणेय आहार म्हणजे आजचे कामरेज, असे संशोधक मानतात. पुढे कामरेज बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते आणि १९४९ साली ते संस्थानाबरोबर मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या अमदानीत क्रुंबिगेल हा जर्मन उद्यानशास्त्रज्ञ १८९३ साली नेमला गेला. पुढे १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानाच्या सेवेत गेला. राजोद्यान प्रेक्षणीय असावे लागते. परसबागेचे काम निराळे, तिने घर चालवावयाचे असते.

हे घर चालविणे आपल्या गोमंतकीय पूर्वजांनी कुळागरात साधले. सोळाव्या शतकात साष्टी-तिसवाडीतून देव हलवून अंत्रुज महालात आणले गेले. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आले. त्या डोंगरउतारांवर आजही झरीचे पाणी पाटाने खेळविलेले दिसते. वर माड व पोफळी, त्यांच्या खोडांवर चढविलेल्या मिरीच्या व पानाच्या वेली, मध्ये केळी, खाली अननस आणि सुरण. एकाच भूमीचे असे तीन-चार मजले होतात आणि प्रत्येक मजल्याला हवा तेवढाच प्रकाश मिळतो. देवाचा नारळ, विडा आणि केळीचे पान एकाच ठिकाणी मिळते.

तथापि परंपरा म्हणजे जुनी यादी नव्हे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू, देवळाच्या प्रांगणातला खुरचाफा, तसेच मिरची, पेरू, पपई आणि आमच्या या भागात गाजलेला चिकू, ही सारी अमेरिका खंडातून आली. वराहमिहिराला यांतले एकही ठाऊक नव्हते. आपल्या आज्यांनी ती उपयोगी पाहून अंगणात घेतली आणि देवानेही ती स्वीकारली.

आज कामरेजच्या नव्या वसाहतींत अंगण पंधरा-वीस फुटांचे असते आणि लोक तेही फरशीने झाकतात. मग देवाची फुले बाजारातून आणतात. एवढ्याशा जागेतही जुना क्रम उपयोगी पडतो. आधी गरजा लिहाव्या, मग वर्षभर ऊन कोठे पडते ते पाहावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून उंच झाड उत्तरेस असावे, म्हणजे भाजीवर सावली पडत नाही. ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी वाफे उंच करावे व पाण्याला वाट ठेवावी. लावणीपूर्वी झाडाचा आजचा आकार न पाहता वीस वर्षांनंतरचा पाहावा.

माझ्या आंब्याचे काय झाले? शेजाऱ्यांच्या संमतीने त्याची पलीकडची बाजू छाटली, पण झाड एका अंगाने कलले आणि पुढच्या पावसाळ्यात उतरवावेच लागले. घरात त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही. आता त्या जागी पारिजातक आहे. त्यालाही उंची मर्यादेत ठेवावी लागते आणि फुले पहाटे दोन्ही अंगणांत पडतात. शेजारी ती वेचून देवाला वाहतात. या बाबतीत अद्याप कोणाची तक्रार आलेली नाही.