ऊर्फ, दत्तक आणि नागपूरचे राज्य

आम्ही जिथून बोलतो आहोत त्या सक्करदऱ्यालाच काही पाट्यांवर ‘शक्करदरा’ म्हटलेले दिसते. म्हणजे ‘ऊर्फ’वर बोलायला जागा बरी आहे.

शब्द अरबी. अर्थ, ठाऊक असलेला. आपली ‘मारफत’ नि ‘तारीफ’ त्याच धातूची. पोलीस-कोर्टाच्या इंग्रजी कागदांत हे काम @ ही एवढीशी खूण करते. आरोपीच्या नावात ती दिसली की माणूस उगाच लबाड वाटू लागतो. घरातला ऊर्फ मात्र अडचणीतून आला. नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे, आणि सासऱ्याचे नाव सुनेने तोंडाने घ्यायचे नाही! मग पोराला हाक कशी मारणार? म्हणून अप्पा, बापू, नाना.

नागपूरकर भोसल्यांकडेच पाहा ना. दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू. त्यांचे चिरंजीव मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब, १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईतले. आजोबांचे नावही मुधोजीच होते.

ऊर्फमध्ये दोन्ही नावे एकाच वेळी खरी असतात. दत्तकाचे तसे नाही. तिथे जुने नाव मागे पडते. १८१८ साली दुसऱ्या रघूजींचा दौहित्र बाजीबा गादीवर बसला तो रघूजी होऊन, आणि इंग्रजांना ते चालले. त्यांच्या सोयीचेच होते म्हणा. हे तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, तेव्हा मात्र सोय बदलली होती. वारस नाही, असे म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. घराण्याच्या लेखी वारस होता: यशवंतराव अहिरराव, दत्तकाने जानोजी भोसले. सरकारला ते यशवंतरावच दिसत होते.

फ्रेगे या जर्मन तत्त्वज्ञाने १८९२ मध्ये दाखवले की पहाटतारा नि सांजतारा ही एकाच शुक्राची नावे असली, तरी दोन्हींतून कळते ते वेगळे. आम्ही वर्गात हे शिकवले, पण शुक्राच्या नावावर जहागीर नव्हती! इथे माणूस एकच, आणि कोणते नाव धरायचे यावर नागपूरचे राज्य अडले होते. पुढे, १८५७ नंतर, त्याच जानोजींना इंग्रजांनी देऊरचे ‘राजेबहाद्दर’ केले. राज्य काही परत दिले नाही.

आज सात-बारावर एक नाव नि आधार कार्डावर दुसरे असले, की तलाठ्यापुढे प्रतिज्ञापत्र न्यावे लागते: ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे.’