पुलगावात काय आले आणि कुणाला मिळाले

भगिनींनो, स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर चार ओळी लिहा, असा मंडळाचा निरोप आला. इतिहास म्हटला की आपण राजे नि लढाया शोधू लागतो. आपल्या गावाचे तर नावच वर्धा नदीवरील रेल्वेच्या पुलावरून पडले असे सांगतात. तेव्हा मी आगगाडीपासूनच सुरुवात करते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली रूळ नागपूरला पोहोचले. ते घातले आपल्या लेकरांना मुंबई दाखवायला नव्हे, आपला कापूस बंदरावर न्यायला! वेचणी आमच्या बायकांनी करावी, आणि पेढ्या, गिरण्या, कॉलेजे मात्र मुंबईत उभी राहावीत, असा तो व्यवहार होता. मुंबईला विद्यापीठ १८५७ सालीच झाले होते. नागपूरला ते यायला १९२३ साल उजाडले.

नागपुरात १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे पुलगावलाही गिरणी निघाली आणि खेड्यापाड्यांतली माणसे भोंग्यावर उठू लागली. परंतु गिरणीचे दार सर्वांना सारखे उघडले, असे मात्र समजू नये. त्या काळच्या कापडगिरण्यांत बायकांना काम मिळे ते बहुतेक सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. मागावर पुरुष, आणि मागाचा पगार अधिक. १८९१ च्या कायद्याने बायकांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले, यावरून त्याआधी काय चालत असेल याची कल्पना करावी! बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आपल्या मध्यप्रांतात १९३० साली झाला.

यातली एक गोष्ट आपण विसरता कामा नये. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांतल्या स्त्री-कामगारांना रजा व भरपाई मिळावी, असा ठराव तेथे झाला. ज्यांच्या वाट्याला सर्वांत कमी आले, त्यांनीच इतके नेमके मागितले. आमच्या पाठ्यपुस्तकांत मला हे कधी सापडले नाही.

मोठ्या लायनीपासून दूर असलेल्या आर्वीकडे पुलगावहून अरुंद रुळांची छोटी गाडी जाई. तीही एका खाजगी इंग्रजी कंपनीची, आणि तिचीही खरी ओढ कापसाचीच. आता ती बंद आहे, गिरणीही बंद आहे. लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो तेवढा राहिला.

पुढे १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, शिक्षण व नोकऱ्या देण्याचे कबूल झाले. १९६० साली महाराष्ट्र झाला, नागपूरची राजधानी तर १९५६ सालीच गेली होती. कबूल केलेले कितपत पोहोचले, हे तपासायला १९८३ साली दांडेकर समिती नेमावी लागली. १९९४ मध्ये विकास मंडळे आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

हा सारा हिशेब जिल्ह्याजिल्ह्याचा. आता आपलाच जिल्हा घ्या. सेवाग्रामला १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय झाले, वर्ध्याला १९९७ साली हिंदी विश्वविद्यालय आले. जिल्ह्याच्या नावावर दोन्ही जमा झाली. पण नदीकाठच्या खेड्यातली मुलगी सकाळची एसटी चुकली तर घरीच बसते, ती कोणत्या रकान्यात बसवायची? सरासरी नावाची ही बाई, मला वाटते, कधी आपल्या गल्लीत आलेलीच नाही.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) येथे निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांतले बहुतेक जवळच्या खेड्यांतले मजूर होते, ठेकेदाराकडे रोजीने लागलेले. पिढ्यान्‌पिढ्या डेपोच्या शेजारी राहून त्या घरांना मिळालेले काम ते हेच.