एकाच बाटलीची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीनं मोबाईलवर आलेला आवाज सगळ्यांना ऐकवला. शाळेत धनुर्वाताची सुई दिली आणि मुलगी दगावली, असं एक बाई रडत रडत सांगत होती. पुढच्याच आठवड्यात आमच्या शाळेत दहा वर्षांच्या मुलामुलींना तीच सुई द्यायची होती. निम्म्या जणी म्हणाल्या, त्या दिवशी पोरींना घरीच ठेवू. पण गाव कोणतं, तारीख कोणती, हे त्या आवाजात कुठंच नव्हतं. तेव्हा आम्ही एक जुनी हकीकत शोधून वाचली. तीच आज तुम्हाला सांगतो.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. सरकारी माणसं घरात शिरून रोगी शोधत आणि त्याला जबरदस्तीनं इस्पितळात नेत. पुण्यात तर पुढच्या वर्षी गोरे सोजीर घरं तपासायला आले. लोकांचा संताप उगाच नव्हता. याच साथीत पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्या काळी मुंबईत बोलवा उठली, की इस्पितळात माणसं मारतात, त्यांच्या अंगातून औषधासाठी तेल काढतात. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तिथं गेलेली बरीच माणसं परत येत नव्हती, हे खरंच होतं. पण का? भीतीपोटी घरचे लोक रोग्याला लपवत आणि अगदी शेवटी तो इस्पितळात पोचे. शिवाय रोगच जीवघेणा होता. इस्पितळातले मृत्यू सगळ्यांना दिसले. घरात लपवलेल्यांपैकी किती गेले, ते कुणी मोजलं नाही. एकच पारडं बघून वजन ठरवावं, तसं झालं.

त्याच मुंबईत वाल्देमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ प्लेगवर लस तयार करत होते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी तयार झाले त्यांना टोचली. टोचलेले आणि न टोचलेले कैदी एकाच तुरुंगात राहत होते. पुढं दोन्ही गटांत किती आजारी पडले, किती दगावले, याची तुलना केली. टोचलेल्यांत रोग कमी निघाला. इथं दोन्ही पारडी बघितली गेली.

आता पुढचं ऐका. ३० ऑक्टोबर १९०२ ला त्या वेळच्या पंजाबात, मल्कोवाल गावी, १०७ जणांना ही लस टोचली. काही दिवसांत त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. चौकशी बसली. मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी ठरवलं, की लस मुंबईच्या प्रयोगशाळेतच बिघडली. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करायची पद्धत बदलली होती, तेव्हा दोष त्यांचाच. त्यांना कामावरून दूर केलं.

पण त्याच चौकशीत दुसरीही माहिती होती. ते १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकी ८८ जणांना काहीच झालं नाही. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. जंतू मुंबईतच शिरले असते, तर इतक्या दिवसांत बाटलीला घाण वास सुटला असता. तसा वास आल्याची नोंद नव्हती.

मग हे अधिकाऱ्यांना का दिसलं नाही? हाफकिन इंग्रज नव्हते, रशियातून आलेले ज्यू होते, आणि डॉक्टरकीची पदवीही त्यांच्याकडे नव्हती. अनेक इतिहासकारांना वाटतं, की त्यांच्याबद्दल आधीच मनात अढी होती. अढी असली, की तिला पटेल तेवढाच पुरावा डोळ्यांत भरतो. मलेरिया डासांमुळं पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी तोच पुरावा पुन्हा मांडला. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली होती. १९२५ मध्ये परळच्या त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं.

म्हणजे बघा, अफवेवर विश्वास ठेवणारे गिरणी कामगार अडाणी आणि शिक्का मारणारे साहेब शहाणे, असं काही नव्हतं. दोघांचीही चूक एकच होती. माणसं गेली हे दोन्हीकडं खरं होतं. कशानं गेली, हे मात्र आधीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

ही हकीकत वाचल्यावर आम्ही गटात ठरवलं, की घाबरलेल्या बाईला हसायचं नाही आणि न विचारता निर्णयही घ्यायचा नाही. आशाताईंना आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारलं. तसं काही घडल्याची खबर त्यांच्याकडं नव्हती. मागच्या वर्षी सुई घेतलेल्या मुलींच्या आयांना विचारलं. दंड दुखला, कुणाला एक दिवस ताप आला, एवढंच निघालं. पण ही आपल्याच गावची थोडी घरं, म्हणून तेवढ्यावर थांबलो नाही. प्रत्येक मुलीला नवी सुई आहे ना, हे आमच्यातल्या दोघींनी उभं राहून पाहिलं. सुईनंतर अर्धा तास मुलींना तिथंच बसवलं. मल्कोवालचा चिमटा आम्ही विसरलो नव्हतो.

पोरींनी सुई घेतली. ज्या मैत्रिणीनं तो आवाज आणला होता, तिची लेक रांगेत पहिली होती. तुमच्या गटातही असा आवाज आला, तर आधी विचारा: कुठं, कधी, कुणी पाहिलं? आणि ज्यांना काही झालं नाही, ते किती?