अन्ननलिकेचा इओसिनरागी शोथ

इओसिन या तांबड्या रंजकाने रंगणाऱ्या श्वेतपेशी अन्ननलिकेच्या अंतस्तरात साठून उद्भवणारा चिरकारी विकार. निरोगी अन्ननलिकेत या पेशी जवळजवळ नसतात. परंतु दूध, गहू यांसारख्या नित्याच्या अन्नातील प्रथिनांविरुद्ध शरीराची संरक्षणव्यवस्था प्रक्षुब्ध झाली म्हणजे त्या तेथे जमतात, आणि वर्षानुवर्षे उपेक्षा झाल्यास नलिकेची भित्ती तंतुमय होऊन मार्ग अरुंद होतो. दमा, इसब वा ॲलर्जीची सर्दी असणाऱ्यांत, व स्त्रियांपेक्षा पुरुषांत, हा विकार अधिक आढळतो. स्वतंत्र रोग म्हणून त्याची ओळख ॲटवुड (१९९३) व स्ट्राउमान (१९९४) यांच्या निबंधांनी पटली.

प्रौढांत कोरडा घास छातीत अडकणे हे मुख्य लक्षण; बालकांत ओकाऱ्या, अन्न नाकारणे व वजन न वाढणे. रोगी मात्र आपली अडचण स्वतःच्याही नकळत झाकीत असतो : प्रत्येक घासामागे पाणी पितो, पाव-मटण टाळतो, पंगत उठली तरी चावीत बसतो, आणि घरचे त्यास सावकाश जेवणारा इसम म्हणून सोडून देतात. सबब ‘गिळताना त्रास होतो का’ यापेक्षा ‘जेवणास किती वेळ लागतो’ हा प्रश्न अधिक कामाचा.

सप्तशृंगगडाजवळच्या वणीसारख्या गावी अशी तक्रार बहुधा पित्ताच्या खाती जमा होते. रक्तातील इओसिनरागी पेशी वाढल्या, तरी त्या जंतांमुळेही वाढत असल्याने तो दाखला अपुरा ठरतो. खातरजमा होते ती अन्ननलिकेत दुर्बीण घालून, व त्यासाठी वणीकरांस बहुधा नाशिक गाठावे लागते. नलिकेत वलये, उभे चर व पांढरे ठिपके दिसतात. क्वचित काहीच दिसत नाही. म्हणून वरच्या व खालच्या भागांतून मिळून अंतस्तराचे किमान सहा तुकडे तपासणीसाठी घ्यावेत. सूक्ष्मदर्शकाच्या एका उच्चशक्ती क्षेत्रात १५ वा अधिक पेशी आढळल्यास, व तशा पेशी वाढविणारी अन्य कारणे वगळल्यास, निदान पक्के होते. तुकडे न घेता केलेली तपासणी या रोगापुरती व्यर्थ होय.

ओमेप्राझोलसारख्या आम्लरोधकांनी पुष्कळांचा शोथ ओसरतो. अन्यथा ब्युडेसोनाइड वा फ्लुटिकासोन ही स्टेरॉइडे, दम्याप्रमाणे श्वासावाटे न ओढता, गिळावयाची व नंतर अर्धा तास काही खावयाचे-प्यावयाचे नाही. तिसरा मार्ग पथ्याचा : दूध, गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे-सुकामेवा व मासळी वर्ज्य करून एकेक पदार्थ पुन्हा चालू करणे. गव्हास बाजरी-नाचणीचा पर्याय या मुलखात घरोघरी आहे, पण अरुंद नलिकेस कोरडी भाकरी जड जाते, ती आमटीत कुस्करून घ्यावी. दूध व दाण्याचा कूट सोडणे त्याहून जिकिरीचे. मार्ग आकुंचित झाला असल्यास तो फुगा घालून रुंदावतात. मात्र त्याने शोथ जात नाही. ड्युपिलुमॅब या इंजेक्शनास अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. इलाज थांबताच रोग बहुधा उलटतो, आणि आराम वाटला तरी शोथ शिल्लक असू शकतो. यास्तव दुर्बिणीची फेरतपासणी चुकवू नये.

घास अडकून लाळही गिळता येईनाशी झाल्यास तो खाली ढकलण्यासाठी पाणी वा केळे न देता रोग्यास विनाविलंब दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.