अंधारात घडलेला चाकू

हौसेने एक चाकू करावा, असे एकदा माझ्या डोक्यात बसले. बाजारात मिळत नाही म्हणून नव्हे. तिथे तर ढीग पडलेले असतात. पण लोखंडाला आपल्या हाताने धार आणून पाहावी, एवढीच हौस. एक झिजलेली कानस मिळवली, परसात विटांची भट्टी मांडली, भात्याच्या जागी केस वाळवायचे यंत्र बसवले, आणि कानस अशी पिवळीधमक तापवली की माझे मलाच कौतुक वाटले! ठोकून ठोकून पात्याचा आकार आणला, पुन्हा तशीच तापवली आणि भस्सदिशी पाण्यात बुडवली. ‘टिच्’ असा बारीक आवाज झाला. बाहेर काढून पाहतो तो पात्याला मधोमध तडा.

श्रोतेहो, त्या दिवशी मी हिरमुसलो खरा. पुढे या विषयावरचे जुने कागद वाचू लागलो तेव्हा कळले, की ताव चुकवणारा मी काही पहिला नव्हे. माझ्याआधी सगळे पॅरिस त्यात फसले होते.

रेओम्यूर नावाचा एक मोठा फ्रेंच शास्त्रज्ञ होऊन गेला. पोलादावरचा त्याचा ग्रंथ 1722 सालचा. त्याने हिंदुस्थानी पोलादाच्या वड्या मिळवल्या आणि पॅरिसमधल्या कारागिरांना दिल्या. त्यांतून एकालाही धड हत्यार घडवता आले नाही. घण बसला की पोलादाचे तुकडे! आता हे पोलाद काही भुताटकीचे नव्हते. याच्याच तलवारी इराणात आणि तुर्कस्तानात घडत होत्या, आणि त्यांच्या पात्यांवरच्या लाटांच्या नक्षीला युरोप ‘दमास्कस’ म्हणत होता. तेलंगणातल्या कोनसमुद्रम् या गावी हे पोलाद होई, आणि ते घ्यायला इराणी व्यापारी तिथवर येत. दक्षिणेत सेलमच्या बाजूलाही ते होई. तिथली रीत अशी : मातीच्या लहानशा मुशीत लोखंडाचे तुकडे घालायचे, त्यांच्याबरोबर तरवडाचे वाळके लाकूड, वर रुईची पाने, तोंड मातीने लिंपायचे आणि भात्याच्या जाळात ठेवायचे. तरवड आणि रुई! आपल्या माळावर कोणी ढुंकूनही पाहत नाही अशी ही झाडे. पण त्यांच्यातला कार्बन बंद मुशीत लोखंडात शिरे आणि लोखंडाचे पोलाद होई. आपले जुने लोक पोलादाला ‘तिखे’ म्हणत. कानडीत त्याला ‘उक्कु’ म्हणतात. त्याचेच साहेबाच्या तोंडी ‘वूट्झ’ झाले असावे.

या वूट्झची विलायतेतली कहाणी मात्र आपल्या मुंबईपासून सुरू होते. हेलेनस स्कॉट नावाचा एक डॉक्टर मुंबईत होता. त्याने या पोलादाचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे लंडनला धाडले. जॉर्ज पिअर्सन या रसायनशास्त्रज्ञाने ते तपासले आणि 1795 साली सोसायटीपुढे निबंध वाचला. मौज अशी, की निबंधाच्या नावातच हे पोलाद ‘मुंबईत होणारे’ म्हणून ठोकून दिले आहे. मुंबई हे फक्त बंदर. पण जिथून माल जहाजावर चढतो त्याच गावाचे नाव मालाला चिकटते. मुशीपुढे बसणाऱ्याचे नाव कोण विचारतो?

त्या निबंधात एका चाकूचा उल्लेख आहे. माझा सगळा जीव त्या चाकूत अडकला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा नामांकित हत्यारे करणारा. बँक्स यांच्या सांगण्यावरून त्याने वूट्झचा एक लहानसा, लेखणी तासायचा चाकू घडवला. घडवताना ताव किती दिला? तर पोलादाची लाली फक्त अंधारात दिसावी इतकाच. फार कष्ट पडले, पण धार उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली. पॅरिसकरांना जे साधले नाही ते याला साधले, ते असे. या पोलादात कार्बन शेकडा दीडच्या आसपास. साध्या लोखंडाला मानवतो तो पांढरा ताव याला दिला की ते आतून सुटते, मग घणाखाली भुगा होणारच. याला मंद लालीवर, चुचकारत घडवावे लागते.

स्टोडार्टने पुढे हाताशी धरला तो मायकेल फॅरडे. विजेचा महर्षी म्हणून आपण त्याला ओळखतो. पण त्याचा बाप लोहार होता. 1818 पासून चार-पाच वर्षे दोघे वूट्झच्या मागे लागले होते, पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहत होते. मर्म काही हाती लागले नाही. इकडे एकोणिसाव्या शतकात स्वस्त विलायती पोलाद आले आणि आपल्या मुशी एकेक करून विझल्या. ज्यांना ती विद्या येत होती त्यांनी ती कुठे लिहून ठेवली नव्हती. ती त्यांच्या डोळ्यांत होती, आणि डोळ्यांबरोबर गेली.

ती थोडीबहुत परत आणली कोणी? अमेरिकेत फ्लॉरिडातल्या एका नालबंदाने. आल्फ्रेड पेंड्रे त्याचे नाव. व्हेरहोव्हन या धातुशास्त्रज्ञाबरोबर त्याने वर्षानुवर्षे वड्या ओतल्या, पाती घडवली, आणि 1998 साली दोघांनी मांडले, की ती नक्षी उठते व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अगदी कणभर भेसळीने. म्हणजे खाणच बदलली, तर कारागीर तोच असूनही नक्षी बिघडायची! तिकडे चाकू करणाऱ्या हौशी लोकांची 1976 पासून एक संस्था आहे. तिची परीक्षा मोठी मजेदार. लोंबता दोर एका घावात कापायचा, लाकडाची फळी तोडायची, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस उतरवायचे, आणि शेवटी पाते काटकोनात वाकवायचे. मोडले की नापास.

मी तडकलेली कानस घेऊन आमच्या गावच्या लोहारकाकांकडे गेलो. त्यांची पडवी काळीमिट्ट. लहानपणापासून मला वाटे, गरिबी आहे, खिडकी कुठून असणार? काकांनी कानस पाहिली आणि म्हणाले, “मास्तर, उन्हात तापवलीत ना? उन्हात लाली दिसतीय व्हय कधी? डोळा फसतो, मग माणूस तावावर ताव देत बसतो.”

लंडनचा स्टोडार्ट आणि हे काका, दोघांचे तापमापक एकच : अंधार.

दुसरी कानस त्या पडवीत घडली. लोहचुंबक चिकटेनासे झाले, म्हणजे ताव पुरा. तेवढ्यावर थांबलो आणि पाण्याऐवजी कोमट गोडेतेलात बुडवली. पाते काचेसारखे कडक झाले, म्हणून दोन तास मंद आचेवर ठेवून गवती पिवळा रंग येईपर्यंत उतरवले. तडा गेला नाही. काकांनी धार नखावर टेकवून पाहिली, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चाकू उलटा करून म्हणाले, “पातं जमलं. मूठ मात्र सुताराकडनं करून घ्या.”