नोटरीची परीक्षा नसते. मग वकिलांनी तयारी कशाची करायची?

नांदेड-लातूरच्या तालुका कोर्टांत नव्यानं सनद घेतलेले वकील हमखास विचारतात, नोटरीची परीक्षा कधी असते आणि पुस्तक कोणतं घ्यायचं? नोटरी कायदा १९५२ आणि नोटरी नियम १९५६ यांत लेखी परीक्षाच नाही. तेव्हा कोणी ‘नोटरी परीक्षेची बॅच’ म्हणून फी मागत असेल, तर आधी नियम दाखवा म्हणावं.

परीक्षा आहे ती वकिलीची. एलएलबी करून सनद घेतल्यावर अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. नोटरीसाठी त्यापुढे मोजली जातात ती वकिलीची वर्षं. अर्जाच्या दिवशी किमान १० वर्षांची वकिली पाहिजे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि महिलांना ७ वर्षं पुरतात. तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या बहिणींनी ही सवलत ध्यानात ठेवावी, अनेकींना ती माहीतच नसते.

नेमणूक केंद्र सरकारही करतं आणि राज्य सरकारही. राज्याचं काम मंत्रालयातला विधी व न्याय विभाग पाहतो. नोटरींची संख्या ठरलेली असते, त्यामुळं वर्षं भरली म्हणून नेमणूक होईलच असं नाही. उमेदवार त्या भागात राहतो का, तिथं व्यापार किती, आधीचे नोटरी किती, त्याला व्यापारी कायद्याची जाण किती, हे पाहिलं जातं.

मुलाखतीला जाताना कलम ८ पक्कं करून जा. दस्तावरच्या सह्या साक्षांकित करणं, शपथ देणं, हुंडी-वचनचिठ्ठीचा अनादर नोंदवणं, ही नोटरीची कामं त्यात दिली आहेत. एका भाषेतल्या दस्ताचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करून ते पडताळणंही त्यातच येतं. देगलूर-उदगीरकडं कन्नड, तेलुगू कागद घेऊन माणसं येतात, तिथं ते उपयोगाचं. नोंदवही कशी ठेवायची आणि ५ सेंटीमीटर व्यासाच्या गोल शिक्क्यावर काय असतं, हेही तोंडपाठ हवं. प्रमाणपत्र ५ वर्षांचं असतं, मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो.

पण आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ प्लॉटचा. ‘बाँडवर नोटरी केली, प्लॉट माझा झाला’ असं समजून माणसं आयुष्याची कमाई देऊन बसतात. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ नुसार १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या खरेदीखताची नोंदणी करावीच लागते, आणि ती दुय्यम निबंधकाकडं होते. नोटरीच्या शिक्क्यानं मालकी येत नाही. लग्न किंवा घटस्फोटही नोटरीच्या कागदानं होत नाही. समोरचा पक्षकार पैसे मोजायच्या आधी त्याला हे सांगणारा नोटरी गावाला हवा आहे. नोटरीनं गैरवर्तन केलंच, तर तक्रार त्याला नेमणाऱ्या सरकारकडं करता येते. म्हणून शिक्क्यावर केंद्राचं नाव आहे की राज्याचं, ते आधी वाचून घ्या.