उमेची बरणी

जपानचा वसंत म्हणजे साकुरा, चेरीचा बहर, हे आता जगभर ठरून गेलंय. त्याआधी तिथे दुसऱ्याच फुलाचा मान होता: उमेचा. उमेला प्लम म्हणायची पद्धत पडली आहे, पण झाड जर्दाळूच्या जवळचं. चीनमधून आलेलं. नारा काळातल्या दरबारी मंडळींना त्याचं इतकं वेड, की आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या संग्रहात उमेवर शंभराहून अधिक कविता आहेत; साकुरावरच्या त्याच्या निम्म्याही नाहीत. 730 साली दाझाइफू इथला सुभेदार ओतोमो नो ताबितो याने उमेच्या बहरात मेजवानी दिली आणि पाहुण्यांनी 32 कविता रचल्या. 2019 साली नव्या सम्राटाच्या कालखंडाला ‘रेइवा’ हे नाव मिळालं, ते या कवितांच्या प्रस्तावनेतूनच घेतलेलं.

नवव्या शतकात वारं फिरलं. राजवाड्यातल्या मुख्य सभागृहासमोरचं उमेचं झाड गेलं, तिथे साकुरा आला. पुढे सत्ताधीश हिदेयोशीने 1598 साली दाइगोच्या देवळात थाटात पुष्पदर्शन केलं ते साकुराचं, आणि शोगुन योशिमुनेने सामान्य लोकांसाठी आसुकायामा टेकडीवर झाडं लावली तीही साकुराचीच. उमेकडे उरले ते मिचिझाने. हे विद्वान मंत्री 901 साली दाझाइफूला हद्दपार झाले. त्यांच्या अंगणातलं उमेचं झाड त्यांच्यामागे उडत गेलं, अशी आख्यायिका आहे. पुढे ते विद्येचं दैवत मानले गेले; त्यांच्या देवळांत आजही फेब्रुवारीत उमे फुलतो आणि परीक्षार्थींची रीघ लागते.

उमे टिकला तो मात्र फळामुळे, असं मला वाटतं. साकुराला लोक बघून घरी जातात. उमेला जूनमध्ये पुन्हा भेटावं लागतं. आपल्याकडे कैऱ्यांच्या दिवसांत बरण्या निघतात, तशा तिथे पावसाच्या तोंडावर हिरवे उमे बाजारात आले की निघतात. फळ कच्चं खाण्याजोगं नाही. ते खारवायचं, नाहीतर दारूत मुरवायचं. (फुलांसाठीच्या आणि फळांसाठीच्या जाती बहुतेक वेगळ्या, हेही सांगायला हवं.)

दारूत मुरवलेला उमे म्हणजे उमेशू. 1697 सालच्या ‘होन्चो शोक्कान’ या आहारग्रंथात त्याची कृती सापडते: अर्धकच्ची फळं पेंढ्याच्या राखेच्या पाण्यात रात्रभर ठेवायची, मग जुन्या साकेत पांढऱ्या साखरेसोबत घालायची. पांढरी साखर तेव्हा महागडी होती, म्हणजे ही चैन थोड्यांचीच. आजच्या घरगुती कृतीत राख नाही. किलोभर उमे धुऊन, कोरडे करून, टूथपिकने देठाचा खुंट काढायचा. अर्धा ते एक किलो खडीसाखर आणि 1.8 लिटर ‘व्हाइट लिकर’, म्हणजे 35 टक्के अल्कोहोलचा निर्गंध शोचू (गाळीव दारू). तीन महिन्यांनी पिता येतं. धीर असेल तर वर्षभर थांबावं.

गंमत म्हणजे हे घरगुती काम बराच काळ कायद्यात बसत नव्हतं. मेइजी सरकारला दारूवरच्या कराचा मोठा आधार होता आणि 1899 साली घरी दारू गाळायला बंदी आली. तयार दारूत फळ मुरवणं हीदेखील दारूची निर्मितीच धरली जाई. लोक अर्थातच मुरवत राहिले. 1962 साली कायद्याने हार मानली, पण अटी घालून: मूळ दारू किमान 20 टक्क्यांची आणि कर भरलेली हवी, मुरवलेली दारू विकायची नाही, आणि द्राक्षं तर मुळीच घालायची नाहीत. ओसाकाकडची चोया ही कंपनी मात्र 1914 साली द्राक्षबागेपासूनच सुरू झालेली. 1959 साली ती उमेशूकडे वळली आणि आज तिच्या बाटल्या जगभर दिसतात.

अटी आणखी सैल झाल्या त्या 2008 साली. आता खानावळी आणि सराया स्वतः मुरवलेला उमेशू पाहुण्यांना देऊ शकतात, तोही तिथेच बसून पिण्यापुरता. वर्षाला हजार लिटरांची मर्यादा आहे, आणि बरणी भरण्याआधी कर कार्यालयाला कळवावं लागतं.